इंटरसेप्टर घेतली, पण वळवताना हात कापतात

प्रश्न : पंधरा वर्षं स्प्लेंडर चालवली. आता हौसेनं रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० घेतली. हायवेला सरळ रस्त्यावर ठीक वाटतं. पण पोवई नाक्याच्या गर्दीत किंवा गल्लीत यू-टर्न घेताना गाडी अंगावर येईल असं वाटतं. घाटात पोटात गोळा येतो. बायको मागे बसायला तयार आहे, माझाच धीर होत नाही. पंचेचाळिशीत हा हट्ट चुकला का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नाही. माझ्याकडे बाइक शिकायला येणाऱ्यांत तुमच्या वयाचे बरेच असतात आणि तेच नीट शिकतात, कारण त्यांना घाई नसते. भीतीचं कारणही साधं आहे. स्प्लेंडर ११२ किलोच्या घरात, ही सव्वादोनशेच्या जवळ. ताकद तर जवळपास सहापट. स्प्लेंडर कलली की पाय टेकवून सावरता येते. ही एका मर्यादेपलीकडे कलली की पायानं थांबत नाही, उलट गुडघा दुखावतो. तेव्हा ती कलूच न देणं शिकायचं आणि त्यासाठी पोवई नाका ही जागा नव्हे.

रविवारी सकाळी एखादं मोकळं डांबरी पटांगण गाठा. पहिला गिअर, माणूस चालतो तेवढाच वेग. क्लच पूर्ण न सोडता अर्ध्यावर धरायचा, रेस किंचित आणि एकसारखी ठेवायची, वेग आवरायचा तो फक्त मागच्या ब्रेकनं. इंजिन ओढतंय आणि ब्रेक धरतोय, या ताणात गाडी आश्चर्य वाटावं इतकी स्थिर राहते. मग मोठा गोल घ्या, हळूहळू लहान करत न्या. नजर पुढच्या चाकापाशी अडकू देऊ नका. जिकडे जायचं तिकडे मान वळवून बघा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा : हँडल वळलेलं असताना, अशा मंद वेगात पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. मोठ्या गाड्या पडतात त्या बहुतेक अशाच, उभ्या उभ्या, आतल्या बाजूला. ही एक सवय मोडली की यू-टर्नची निम्मी भीती जाते.

सरळ रस्त्यावर थांबताना नेमकं उलट. तिथे मुख्य काम पुढच्या ब्रेकचंच. पण लीव्हर झटक्यानं ओढू नका. आधी हलका दाब द्या, वजन पुढच्या चाकावर आलं की दाब वाढवा. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दोन्ही चाकांना आहे. तरीही हाताला हे वळण लागायलाच हवं.

घाटाचं म्हणाल तर या गाडीवर वेग जाणवत नाही, हीच खरी अडचण. ताशी ८० ला इंजिन निवांत असतं, पण सेकंदाला २२ मीटर रस्ता मागे पडत असतो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. म्हणून यवतेश्वरचा घाट चढताना वळण दिसलं की आधी वेग कमी, मग गिअर, आणि वळणात रेस अगदी हलकी पण सुरू. उतरताना खालचा गिअर ठेवा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. उसाच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेला ऊस आणि शेतातून रस्त्यावर आलेला चिखल, दोन्हीवरून गाडी सरळ उभी ठेवूनच जा.

ढाळ असेल तिथे गाडीचं तोंड उताराकडे करून लावू नका. एवढं वजन मागे ढकलणं एकट्याचं काम नाही. लावताना पहिल्या गिअरमध्ये ठेवा, माती भुसभुशीत असेल तर साइड स्टँडखाली चपटा दगड.

बायकोला मात्र अजून थोडं थांबवा. पटांगणावर दोन्ही बाजूंना सहज वळायला लागलात की मग. त्याआधी मेकॅनिककडून मागच्या शॉकअपची स्प्रिंग एखाद-दोन खाचा घट्ट करून घ्या. दोघांनाही चांगलं हेल्मेट हवंच. आणि तुम्ही दोन्ही पाय टेकून ‘बस’ म्हटल्याशिवाय त्यांनी चढायचं नाही, उतरतानाही तसंच. पहिली फेरी कासला नको. पाचवडवरून आत वळून वाईला जा, नदीच्या घाटावर जरा बसा आणि उजेड असेपर्यंत परत या.