टेनिसच्या ड्रॉमध्ये नावापुढे ‘क्यू’, ‘डब्ल्यूसी’, ‘एलएल’ का लिहितात? वाईल्ड कार्ड म्हणजे वशिलाच का?

तुम्ही विचारलंय की मुंबईच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला महिला एकेरीचा ड्रॉ, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी याचा तक्ता पाहिला, काही नावांपुढे आकडे होते, काहींपुढे अक्षरं, उरलेल्यांपुढे काहीच नाही, तर ही काय भानगड आहे. वाईल्ड कार्डवाल्या मुली वशिल्याने येतात का, आणि मुलीला घेऊन नागपूरहून एकच दिवस जायचं तर कोणता, हेही विचारलंय.

मी नागपूरचीच. रामनगरच्या कोर्टवर खेळत मोठी झाले, आता पहाटे मुलांना शिकवते. फार वर्षांपूर्वी अशा एका छोट्या स्पर्धेच्या ड्रॉमध्ये माझंही नाव होतं. कुठे होतं ते पुढे सांगते.

आकडे म्हणजे मानांकन. पेपरवाले मानांकन आणि क्रमवारी यांची सर्रास खिचडी करतात. क्रमवारी जगाची असते, 52 आठवड्यांच्या गुणांवर ठरते. मानांकन त्या एका स्पर्धेपुरतं. जगात 110वी असलेली खेळाडू मुंबईत अग्रमानांकित असू शकते. पहिलं मानांकन ड्रॉच्या सगळ्यात वरच्या ओळीत, दुसरं सगळ्यात खालच्या, म्हणजे दोघींची गाठ पडलीच तर अंतिम सामन्यात. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या निघतात. ज्यांच्या नावापुढे काहीच नाही त्या क्रमवारीच्या जोरावर थेट आलेल्या, पण मानांकन न मिळालेल्या.

‘क्यू’ म्हणजे पात्रता फेरीतून आलेली. माझ्या मते खरी स्पर्धा इथेच असते. ग्रँड स्लॅमचं, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांचं उदाहरण घ्या. महिला एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये 128 जणी, त्यातल्या साधारण 104 क्रमवारीवर, 8 वाईल्ड कार्डवर आणि 16 पात्रता फेरीतून. त्या 16 जागांसाठी आणखी 128 जणी आधीच्या आठवड्यात तीन-तीन फेऱ्या खेळतात. 2021च्या यूएस ओपनमध्ये ब्रिटनची एमा रादुकानू अशीच आली. वय 18, क्रमवारी 150. पात्रतेचे तीन आणि मुख्य फेरीचे सात असे दहा सामने खेळली, एकही सेट न गमावता विजेतेपद घेऊन गेली. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी तोवर कोणीच नव्हती, पुरुषांतही नाही.

आपल्याकडचंच पाहायचं तर 2025 ची मुंबई ओपन घ्या. कोइम्बतूरची 15 वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून आली आणि थेट उपांत्य फेरीत गेली. तिथे जिला हरली ती स्वित्झर्लंडची जिल टाइखमान, पुढे तीच विजेती झाली. याच स्पर्धेत 2017 साली पुढे जगात पहिल्या क्रमांकावर गेलेली आर्यना सबालेन्का जिंकली होती, तेव्हा तिचं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं.

आता ‘डब्ल्यूसी’, वाईल्ड कार्ड. वशिला का? खरं सांगू का, अर्धं हो. ही जागा आयोजकांच्या मर्जीची. यजमान देशाच्या मुली, ज्युनिअर गटात चमकलेल्या, दुखापतीतून परतणाऱ्या मोठ्या खेळाडू, प्रेक्षक खेचणारी नावं, असा सगळा विचार त्यात असतो. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि अमेरिका यांच्या संघटना तर एकमेकींच्या खेळाडूंसाठी वाईल्ड कार्डची उघड देवाणघेवाण करतात. आपल्यासारख्या देशाच्या मुलीला ती सोय नाही, याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. पण कार्ड फक्त गेटच्या आत घेतं. आत गेल्यावर सर्व्हिस तिलाच करावी लागते. बेल्जियमची किम क्लायस्टर्स बाळंतपणानंतर परतली, 2009 ची यूएस ओपन वाईल्ड कार्डवर खेळली आणि जिंकली. 2025 च्या फ्रेंच ओपनमध्ये 361व्या क्रमांकाच्या, फ्रान्सच्याच लोईस बोईसोंला घरच्यांनी कार्ड दिलं, तर तिने जेसिका पेगुला आणि मीरा आंद्रीवा या मानांकित खेळाडूंना हरवून उपांत्य फेरी गाठली. आता याला वशिला म्हणा.

राहिलं ‘एलएल’, लकी लूझर. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेली. मुख्य ड्रॉमधल्या कोणी ऐनवेळी माघार घेतली तर ही आत जाते. त्यासाठी रोज सकाळी सामने सुरू व्हायच्या आधी कार्यालयात जाऊन सही करावी लागते, आणि मग नुसती वाट पाहायची. बूट घालून, रॅकेटला नवी ग्रिप लावून.

माझं नाव या यादीत होतं. दोन दिवस सही केली. घरी फोन केला तर आई म्हणाली, “हरली नं तू? मंग काहून थांबली तिथं? ये नं घरी.” तिला समजावून सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, कारण मी नक्की कशासाठी थांबले होते ते बोलण्यासारखं नव्हतं. वॉर्म-अप करणाऱ्या मुलींचे पाय बघत बसायचे मी. एकीने घोट्याला पट्टी बांधलेली दिसली की मनात उजेड पडायचा. कोणाचाच घोटा मुरगळला नाही. परत येताना गाडीत मला हरल्याचं कमी आणि त्या पट्टीकडे बघितल्याचं जास्त वाईट वाटत होतं.

आपल्या भारताच्या अंकिता रैनाचं 2021 मध्ये याहून मोठं झालं. ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रतेच्या शेवटच्या फेरीत ती हरली, पात्रता त्या वर्षी कोविडमुळे दुबईत होती. लकी लूझर म्हणून मेलबर्नला बोलावलं, तिथे क्वारंटाइनमध्ये राहिली, आणि एकेरीत जागा रिकामी झालीच नाही. दुहेरीत मात्र मुख्य फेरीत खेळली. उलट 2025 मध्ये त्याच स्पर्धेत जर्मनीच्या इव्हा लिसला सामना सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी बोलावणं आलं. ती चौथ्या फेरीपर्यंत गेली. तिथे पोलंडच्या इगा श्वियाँतेकने तिला 6-0, 6-1 असं धुतलं, ते सोडा.

कधी कधी ‘पीआर’, म्हणजे प्रोटेक्टेड रँकिंग, पण दिसेल. दीर्घ दुखापतीनंतर किंवा बाळंतपणानंतर परतणारीला जुन्या क्रमवारीवर प्रवेश मिळतो, एवढंच.

तर एकच दिवस जायचं असेल तर पात्रता फेरीचा निवडा. अंतिम सामना टीव्हीवर दिसतो, पात्रता बहुधा दिसत नाही. गर्दी नसते, कोर्टच्या इतकं जवळ बसता येतं की खेळाडू स्वतःशी पुटपुटते तेही ऐकू येतं. विदर्भ एक्स्प्रेसने संध्याकाळी निघालात की सकाळी मुंबई, आणि जिथे ही स्पर्धा होते ते सीसीआय, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, चर्चगेटला लागूनच. मी दोघी विद्यार्थिनींना असंच नेलं होतं. निघण्याआधी ड्रॉची प्रिंट काढा आणि मुलीच्या हातात पेन द्या. प्रत्येक निकालानंतर पुढच्या चौकटीत नाव तिलाच लिहू द्या. माझ्या दोघींपैकी धाकटीने हरलेल्या मुलींची नावंही मागच्या बाजूला लिहून काढली होती, का ते विचारलं तर म्हणाली, “त्यायचं काय झालं ते मले पाहाचं हाय.”