कॅम्पटोथेसिन ‘काम करत नाही’ म्हणण्याआधी

तुमची अडचण मला समजली ती अशी: कॅम्पटोथेसिन (कर्करोगाच्या काही औषधांचं मूळ असलेला, झाडातून मिळणारा रेणू) पाण्यात विरघळेना, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकले. मग ते पीबीएसमध्ये (पेशींसाठी वापरतात त्या खारट बफरमध्ये) पातळ करून आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवलं. आता 1 मायक्रोमोलर तीव्रतेने देऊनही पेशी मजेत वाढतायत, आणि रिलॅक्सेशन असेमध्येही (डीएनएचा पीळ सुटतो का ते जेलवर बघायच्या चाचणीत) टोपोआयसोमरेज-1, म्हणजे पीळ सोडवणारं एन्झाइम, ‘अडत नाही’. जेलचा फोटोही टाकलाय. कुपी बोगस निघाली का, आणि त्यापेक्षा गावाकडून नरक्याची (हाच रेणू असलेल्या सह्याद्रीतल्या झाडाची) पूड आणू का, असं विचारलंय.

कुपीला दोष देऊ नका. खरं सांगायचं तर हायड्रॉक्साइडचा उद्योग मीही केलाय. एका सीनियरने ‘दोन थेंब टाक, क्षणात विरघळतं’ म्हणून सांगितलं. विरघळलंही. पुढचे दोन महिने मी पेशींना काय पाजत होतो ते नंतर कळलं.

या रेणूत पाच वलयं आहेत. शेवटचं, ई-वलय, लॅक्टोनचं (म्हणजे वलयात मिटलेला एस्टर). सगळी करामत त्या मिटलेल्या वलयात आहे. अल्कली लागली की ते उघडतं, कार्बोक्सिलेट (आम्लाचं क्षाररूप) तयार होतं, आणि ते पाण्यात छान विरघळतं. पण एन्झाइमच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपयोगी असतं. हायड्रॉक्साइड तर सोडाच, 7.4 पीएचच्या साध्या पीबीएसमध्ये 37 अंशांवर निम्मं लॅक्टोन अर्ध्या तासाच्या आत उघडतं. मानवी सीरममध्ये तर अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन उघडलेलं रूप धरूनच ठेवतं, त्यामुळे आणखी वाईट. तुमच्या फ्रीजमध्ये आठवडाभर काय उरलं असेल, हिशेब करा.

याच चुकीची मोठी आवृत्ती अमेरिकेत होऊन गेली. 1966 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी कॅम्पटोथेका अक्युमिनाटा या चिनी झाडापासून हा रेणू वेगळा केला. (वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. टॅक्सॉल हे कर्करोगाचं औषधही याच जोडीचं. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.) पुढे रुग्णांवर चाचण्या झाल्या तेव्हा शिरेतून देता यावं म्हणून सोडियम सॉल्ट वापरलं, म्हणजे उघडलेलं वलय. गाठींवर परिणाम तुटपुंजा, आणि आम्लधर्मी लघवीत वलय पुन्हा मिटून मूत्राशयातून रक्तस्राव. चाचण्या थांबल्या. टोपोआयसोमरेज-1 हे लक्ष्य आहे हे 1985 साली कळलं, तेव्हा कुठे या रेणूचं नशीब पालटलं. त्यापासून बनवलेल्या टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1996 मध्ये.

आता असेबद्दल. इथे ‘इनहिबिटर’ हा शब्दच आपल्याला फसवतो. टोपो-1 डीएनएची एक पट्टी कापतं, कापलेलं टोक आपल्या टायरोसिन या अमिनो आम्लाला चिकटवून धरतं, पीळ सुटू देतं आणि पुन्हा सांधतं. कॅम्पटोथेसिन कापणं थांबवत नाही. ते कापलेल्या फटीत शिरून सांधणं अडवतं. एन्झाइम डीएनएला चिकटून अडकतं आणि पेशीसाठी तेच विष बनतं. म्हणून तर टोपो-1 चं जनुकच काढलेलं यीस्ट जगतं, आणि कॅम्पटोथेसिनला दादही देत नाही! झाड स्वतः का मरत नाही, त्याचंही उत्तर जवळपास इथेच आहे: त्याच्या टोपो-1 मध्ये टायरोसिनला लागूनच असलेल्या अ‍ॅस्परजिनच्या जागी सेरिन बसलंय.

त्यामुळे जेलवर ‘सुपरकॉइल (पिळलेलं डीएनए) तसंच राहिलं का’ एवढंच बघू नका. निक झालेलं (एक पट्टी तुटलेलं) डीएनए वाढलं का ते बघा. त्यासाठी रिअ‍ॅक्शन एसडीएस या डिटर्जंटनेच थांबवा, मग प्रोटीनेज-के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) घाला. मीठ टाकून थांबवलीत तर अडकलेलं एन्झाइम फट सांधून निघून जातं आणि पुरावाच पुसला जातो. जेलमध्ये इथिडियम ब्रोमाइड हा डीएनएचा रंग घाला, नाहीतर निक झालेलं आणि रिलॅक्स झालेलं डीएनए एकाच जागी पळतं. तुमच्या फोटोत मला तेच झालेलं दिसतंय.

पेशींमध्येही हेच. औषध धुऊन काढलं की काही मिनिटांत बहुतेक एन्झाइम सुटतं. खरं नुकसान होतं ते डीएनएची नक्कल चालू असताना फोर्क (पट्ट्या उलगडत पुढे सरकणारी जागा) अडकलेल्या एन्झाइमवर येऊन आदळतो तेव्हा, म्हणजे एस-फेजमध्ये. प्लेट गच्च भरलेली असेल तर पेशी आरामात तग धरतात. विरळ, वाढत्या पेशी घ्या. मरण्याची वाट बघण्याआधी तासाभरात गॅमा-एच2एएक्स (डीएनए तुटल्याची खूण) रंगवून बघा.

स्टॉक कोरड्या डीएमएसओ या द्रावकातच करा. रेणुभार 348.35, म्हणजे 5 मिलिग्रॅमच्या कुपीत 1.4 मिली 10 मिलिमोलर स्टॉक होतो. थोडं कोमट करावं लागेल. छोटे भाग करून उजेडापासून लपवून उणे 20 ला ठेवा. त्यातून डीएमएसओमध्येच 1 मिलिमोलर करा आणि ते मीडियममध्ये हजारपट पातळ करा, तेही देण्याच्या क्षणी. 0.1 टक्का डीएमएसओचा कंट्रोल लावा. ग्लोव्हज घाला, पंख्याखाली वजन करू नका. हे केमोथेरपीच्या औषधांचं मूळ आहे, हळद नव्हे.

नरक्याचं म्हणाल तर झाड बरोबर ओळखलंत (ती टणटणी-घाणेरी नव्हे, हा वेगळा घाणेरा). त्यात कॅम्पटोथेसिन असल्याचं 1972 साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. पण पुडीत 9-मेथॉक्सी भावंडासकट बरंच काही असतं, मग मायक्रोमोलर कसला काढणार? शिवाय सह्याद्रीतून याच लाकडाची चोरटी तोड होत आलीय. गावाकडून पिशवी घेऊन निघालात तर फॉरेस्टवाल्यांना प्रोजेक्ट समजावत बसावं लागेल.

नवा स्टॉक केलात की निक झालेल्या पट्टीचा फोटो टाका, डीएमएसओच्या लेनसकट.