खुराड्यात तलंगा आणि कोंबड्या एकत्र, खाद्य कोणतं?

प्रश्न : अंड्यावरच्या 12 कोंबड्या आहेत. दहा आठवड्यांच्या, अजून अंड्यावर न आलेल्या 20 तलंगाही आता त्याच खुराड्यात सोडल्या. पोतं एकच आणता यावं म्हणून सगळ्यांना लेअर (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य घालते. काही तलंगा पांढरं, पातळ हगतात. खाद्य चुकतंय का?
– वाचक भगिनी, ता. तासगाव, जि. सांगली

उत्तर : हो ताई, चुकतंय. आज संध्याकाळपासूनच बदला. लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वाढत्या तलंगेला सुमारे एक टक्का पुरतं. तिला अंड्याचं कवच बनवायचं नसतं, त्यामुळे जादा कॅल्शियमचा सगळा भार मूत्रपिंडांवर पडतो. ती एकदा खराब झाली की पूर्ववत होत नाहीत. अशी तलंग पुढे अंड्यावर आल्यावर अचानक मरते. चिरून पाहिलं तर हृदयावर, यकृतावर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसतो. पांढरी हगवण रोगानेही होते, म्हणून ताजी विष्ठा जनावरांच्या दवाखान्यात नक्की दाखवा.

पोतं एकच आणा, पण ग्रोअरचं, म्हणजे वाढत्या तलंगांच्या खाद्याचं. कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. त्या गरजेपुरता उचलतात, तलंगा क्वचित चोच लावतात. तुकडे ज्वारीच्या दाण्याएवढे हवेत, पीठ नको. कवच मुख्यतः रात्री बनतं. संध्याकाळी खाल्लेले जाड तुकडे पोटात राहून हळूहळू विरघळतात, पीठ मात्र लवकर निघून जातं.

रोजचा अंदाज असा : तलंगेला 60 ग्रॅम, कोंबडीला 110. म्हणजे तुमच्याकडे अडीच किलो. 50 किलोचं पोतं वीस दिवस जाईल. परसात चरत असतील तर थोडं कमी लागेल. जुन्या कोंबड्या तलंगांना टोचून हुसकावतात, त्यामुळे तीन फुटी दोन गव्हाणी खुराड्याच्या दोन टोकांना ठेवा. एकाच गव्हाणीवर भागवलं तर दुबळ्या तलंगा उपाशी राहतात आणि कळप लहान-मोठा होतो.

अठराव्या आठवड्याच्या सुमारास तुरा लाल होतो, पाठीवर हात ठेवला की तलंग पंख पसरून खाली बसते. तेव्हा लेअर सुरू करा : दोन दिवस चौथा हिस्सा, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. एकदम बदललं तर खाणं कमी करतात.

प्रश्न : घरचं सोयाबीन भरडून मक्यात मिसळलं तर चालेल का? पिल्लं महिन्याची आहेत.
– वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : कच्चं अजिबात नको. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनं पचू देत नाही; पिल्लं खातात, पण वाढत नाहीत. आठ आठवड्यांपर्यंत 20 टक्के प्रथिनांचं स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य)च द्या. पुढे घरी मिश्रण केलंत तर सोयापेंड वापरा, ती तयार होताना उष्णतेने तो घटक निकामी झालेला असतो. मका मुठीत घेऊन हुंगा. कुबट वास किंवा हिरवट बुरशी असेल तर तो धुऊन, वाळवूनही घालू नका. बुरशीचं विष त्याने जात नाही.

प्रश्न : गाईची पेंड उरते, ती कोंबड्यांना घालू का?
– वाचक, ता. पलूस, जि. सांगली

उत्तर : गोळी पेंड असेल तर नको. तिच्यात युरिया असू शकतो. गाय तो पचवते, कोंबडी नाही.