ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट असलं की आरटीओत टेस्ट द्यावी लागत नाही, हे खरं आहे का?

अर्धंच खरं. जून २०२४ पासून टेस्ट बंद, असे मेसेज फिरले होते; केंद्राने तेव्हाच नियमात बदल नसल्याचं सांगितलं. सूट फक्त शासनमान्य प्रशिक्षण केंद्राच्या फॉर्म ५बी या सर्टिफिकेटला आहे. तिथे कारसाठी चार आठवड्यांत २९ तास, त्यातले २१ प्रत्यक्ष गाडीवर. आपल्या कोपऱ्यावरचं स्कूल देतं तो फॉर्म ५. तो घेऊनही टेस्ट द्यावीच लागते, म्हणून पैसे भरायच्या आधी कोणता फॉर्म मिळणार ते विचारा.

खरा बदल लर्निंगमध्ये झालाय. आधार जोडलं की परीक्षा घरूनच, साठ टक्के बरोबर आले की पास. पण नेट कॅफेवाला 'मी सोडवून देतो' म्हणाला तर नको म्हणा. पाट्याच ओळखता येत नसतील तर पुढे बीड-जालना रस्त्यावर काय करणार?

पक्क्या लायसन्सच्या टेस्टला लर्निंगनंतर तीस दिवसांनी जाता येतं आणि लर्निंग सहा महिनेच चालतं. माझ्या भाच्याचं उसाच्या हंगामात राहून गेलं, मुदत संपली, पुन्हा लर्निंगपासून. दुसऱ्यांदा गेला तर बाईकच्या आठ आकड्यात वळताना पाय टेकला आणि नापास! सवय करायची तर रिकाम्या मैदानात दोन विटा ठेवून, क्लच अर्धा दाबून, हळू फिरवा.

जिल्ह्याला जायचं नसेल तर आरटीओच्या तालुक्यातल्या कॅम्पची तारीख बघा. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचा फॉर्म १ए लागतो, तो आधीच घेऊन ठेवा.