लँगम्यूर प्रोबचं सिम्युलेशन म्हणजे खोटं मापन का?

तुमचा प्रश्न असा आहे: विभागात प्लाझ्माचा (आयन आणि सुट्या इलेक्ट्रॉनांच्या वायूचा) सेटअप नाही, मग एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी लँगम्यूर प्रोबचं मापन, म्हणजे प्लाझ्मात तार किंवा चकती घालून तिचं व्होल्टेज बदलत प्रवाह मोजणं, नुसत्या लॅपटॉपवर केलं तर चालेल का? आणि 'हे खोटं मापन' म्हणणाऱ्या सरांना काय सांगायचं?

चालेल. सरांना एवढंच विचारा की प्रयोगशाळेतल्या प्लाझ्माचं खरं तापमान कोणाला ठाऊक असतं? कोणालाच नाही. प्रोब सांगेल ते आपण मानतो. सिम्युलेशनमध्ये मात्र तापमान आणि घनता आपणच टाकलेली असते. निघालेला प्रवाह-व्होल्टेजचा आलेख परक्या माणसाने हातात दिलाय असं समजायचं, त्यावरून तापमान काढायचं आणि टाकलेला आकडा परत मिळतो का ते बघायचं. इथे मोजमाप प्लाझ्माचं नाही, आपल्या पद्धतीचं होतं. प्रयोगात ते इतकं सरळ करता येत नाही.

मी बडोद्याचा. प्रोबची ओळख मला आधी काचेच्या नळीतल्या आर्गॉनच्या डिस्चार्जमध्ये झाली, सिम्युलेशन नंतर शिकलो. लँगम्यूर आणि मॉट-स्मिथ यांनी 1926 मध्ये मांडलेला सिद्धांत वाचताना सगळं सोपं वाटतं: प्रोब ऋण करत गेलं की इलेक्ट्रॉन प्रवाह घातांकी दराने घटतो, त्याच्या लॉगच्या उतारावरून तापमान मिळतं. अडचण तारेच्या जाडीपाशी सुरू होते. 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (प्लाझ्माचं तापमान या ऊर्जेच्या एककात सांगतात) तापमान आणि घनमीटरला 10 चा सोळावा घात इतकी घनता धरली, तर डिबाय लांबी, म्हणजे ज्या अंतरात प्लाझ्मा बाहेरचा विद्युतभार झाकून टाकतो ती, साधारण 0.1 मिमी येते. पाव मिमी व्यासाच्या टंगस्टनच्या तारेची त्रिज्याही जवळपास तेवढीच. अशा वेळी पातळ शीथचं (प्रोबभोवती तयार होणाऱ्या विद्युतभारित थराचं) सूत्रही नीट लागू होत नाही आणि बारीक तारेचंही काठावर येतं. म्हणूनच टोरांटोत लॅफ्राम्बॉईझ या संशोधकांनी 1966 मध्ये संगणकावर गणित करून या मधल्या पट्ट्यासाठी आकडे दिले. तेव्हा प्रोब आणि संगणक यांचं नातं काही आजचं नाही.

तुम्ही थेट तारेवर जाऊ नका. सपाट प्रोब, एकच मिती, 1 सेंमीचा डबा, पार्टिकल-इन-सेल पद्धत (डब्याचे बारीक सेल पाडून त्यात कण टप्प्याटप्प्याने हलवायचे). एक सेल 0.1 मिमीपेक्षा मोठा नको. वेळेचा टप्पा 35 पिकोसेकंदांच्या आसपास ठेवा, कारण प्लाझ्मा फ्रिक्वेन्सी 0.9 गिगाहर्ट्झ येते. आर्गॉनचा आयन बोम वेगाने (शीथमध्ये शिरतानाच्या वेगाने), म्हणजे सेकंदाला 2.2 किमीने, डबा ओलांडायला साडेचार मायक्रोसेकंद घेतो. म्हणजे नुसता एकदा पार व्हायला सव्वा लाखाच्या वर टप्पे. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण सी किंवा फोरट्रानमध्ये लिहिलंत तर साधा लॅपटॉप हे पेलतो.

आता ज्या चुकीने माझे दोन महिने घेतले ती सांगतो. मी 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट टाकत होतो आणि आलेखातून दर वेळी 1.7 च्या आसपास येत होतं. ग्रिड बारीक केलं, कण वाढवले, पॉइसन समीकरण (विद्युतभारावरून व्होल्टेज काढणारं) सोडवणारा भाग पुन्हा लिहिला. तरी 1.7. शेवटी विद्युतक्षेत्र पूर्ण बंद करून नुसते इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा दिसलं की डब्यातली त्यांची संख्या स्थिरावतच नाही, कडेपाशी मंद इलेक्ट्रॉन साचत राहतात. दोष कण आत सोडण्यात होता. कडेला लंब दिशेचा वेग मी सरळ मॅक्सवेलच्या वाटपातून, म्हणजे त्या तापमानाला कोणत्या वेगाचे किती कण असतात त्या वाटपातून, उचलत होतो.

बडोद्यातल्या लहेरीपुरा दरवाज्यापाशी उभं राहून मोजणी केलीत तर हे लगेच कळेल. रस्त्यावर समजा स्कूटर आणि हातगाड्या सारख्याच दाट पसरल्यात. तरी तासाभरात दरवाज्यातून स्कूटर कितीतरी जास्त जातील, कारण त्या वेगात आहेत. सिम्युलेशनच्या कडेवरून आत येणारा इलेक्ट्रॉन हा दरवाजा ओलांडणारा इलेक्ट्रॉन आहे. म्हणून वाटपाला वेगाने गुणावं लागतं. प्रत्यक्षात हे एका ओळीचं काम आहे: 0 ते 1 मधला यादृच्छिक आकडा घ्या, त्याच्या नैसर्गिक लॉगला उणे 2 ने आणि तापमान भागिले वस्तुमान याने गुणा, वर्गमूळ काढा. बाकी दोन दिशांचे वेग मॅक्सवेलचेच राहू द्या. ही ओळ बदलली आणि 2 आले. त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

आयनांबद्दल एक सावधगिरी. सपाट, एकमितीय डब्यात आयन प्रवाह तुम्ही कडेवरून सोडाल तेवढाच प्रोबवर येतो. त्यावरून घनतेबद्दल निष्कर्ष काढू नका, तो विषय तारेच्या, म्हणजे दंडगोल आकाराच्या प्रोबचा. आयनांना कडेवरच बोम वेग देऊन सोडा आणि फ्लोटिंग व्होल्टेज (जिथे प्रोबवरचा एकूण प्रवाह शून्य होतो) तपासा: आर्गॉनसाठी ते कडेच्या तुलनेत तापमानाच्या 4.7 पट, म्हणजे 9.4 व्होल्ट खाली यायला हवं. हायड्रोजनच्या आयनाला तेच 5.7 व्होल्ट. वेळ वाचवायला आयन मुद्दाम हलके करतात, ती सवय इथे अंगाशी येते.

उतार काढताना उणे 2 ते उणे 9 व्होल्ट एवढाच पट्टा घ्या. शून्याजवळ हा सपाट नमुना बिघडतो. आणि उणे 2 ला 4,000 कण धडकले तर उणे 9.4 ला जेमतेम 100 धडकतात, म्हणजे तिथे दहा टक्के गोंगाट धराच. ऋण टोकाच्या बिंदूंसाठी सिम्युलेशन जास्त वेळ चालू ठेवा, सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका.

गांधीनगरजवळ भाटला आदित्य-यू टोकामॅक (चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडणारं यंत्र) आहे, त्याच्या कडेच्या प्लाझ्मात असेच प्रोब वापरतात. पण तिथे चुंबकीय क्षेत्र येतं आणि सगळं गणित फिरतं. पहिल्या प्रोजेक्टला ते घेऊ नका. आधी विद्युतक्षेत्र बंद ठेवून डब्यातली इलेक्ट्रॉनांची संख्या स्थिरावते का बघा आणि तो आलेख सरांना दाखवा.