दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो प्रांतात पहिल्यांदा शिकारीला जाताय?

पहिल्याच खेपेला म्हैस किंवा हत्तीच्या मागे लागू नका. कुडू, इंपाला ही हरणं आणि वॉर्टहॉग हे रानडुक्कर पुरे. रायफलही इथून नेण्याची हौस नको. दक्षिण आफ्रिकेत उतरल्यावर बंदूक तात्पुरती आत आणण्याच्या परवान्यासाठी पोलिसांचा एसएपीएस ५२० अर्ज काळ्या शाईने भरायचा आणि सही अधिकाऱ्यासमोरच करायची. आधीच सही करून नेली तर बहुधा पुन्हा नवा अर्ज भरावा लागतो. त्यापेक्षा आउटफिटरची, म्हणजे शिकार आयोजित करणाऱ्याची, .३०८ किंवा .३०-०६ कॅलिबरची रायफल भाड्याने घ्या, पण पहिल्या दिवशी १०० मीटरवर तीन गोळ्या झाडून झिरो (नेम धराल तिथेच गोळी लागते का ते) तपासल्याशिवाय रानात शिरू नका.

सराव कराल तो तिपायी काठीवर, उभ्यानं. टेबलावर टेकून मारलेले नेम तिथे कामाला येत नाहीत. आणखी एक, तिकडच्या हरणांचं हृदय बरंच पुढे आणि खाली असतं. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर या आणि छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. खांद्याच्या मागे मारायची सवय असेल तर गोळी पोटात जाते आणि मग संध्याकाळपर्यंत माग काढत बसा! रक्ताचा थेंब सांडला की जनावर सापडो न सापडो, त्या जनावराची पूर्ण फी द्यावीच लागते. करारात हे कलम आधी वाचा. डिप-पॅक (कातडी-शिंगं जंतुनाशकात बुडवून पाठवणीसाठी बांधणं), टॅक्सीडर्मी (पेंढा भरणं) आणि टिप यांचा खर्च बहुतेकदा वेगळा असतो.

मुंबईहून नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जात असाल तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या, प्रमाणपत्र त्यानंतरच लागू होतं.