फ्रीज-ड्राय केलेली लस कोरडी पावडरच असते, मग तिला बर्फाच्या डब्यात ठेवायची काय गरज?

गरज आहे. ‘कोरडी पावडरच तर आहे’ हे वाक्य नोकरीत एका साहेबांकडून इतक्यांदा ऐकलंय, की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

मी उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे लसी देणारी परिचारिका होते. एके दिवशी गोवर-रुबेलाच्या लसीची (एमआर) व्हायल, म्हणजे कुपी, सकाळी दहाला फोडलेली. अडीचच्या सुमारास वरच्या वाडीवरून एक बाई नऊ महिन्यांचं लेकरू घेऊन उन्हातून चालत आली. व्हायलमध्ये डोस शिल्लक होते. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, “सिस्टर, त्यातलाच द्या. एका पोरासाठी नवी फोडाल तर वेस्टेजचं उत्तर कोण देणार?” चार तास उलटून गेले होते, म्हणून मी ती बाद केली आणि नवी फोडली. पुढे कारणे दाखवा नोटीस आली. आज पुन्हा वेळ आली तरी हेच करीन.

फ्रीज-ड्रायिंगमध्ये लस गोठवून निर्वात पोकळीत त्यातल्या बर्फाची थेट वाफ करतात. पाणी गेलं की जिवंत विषाणू आहे तसा थांबतो. म्हणून ही व्हायल गोठली तरी बिघडत नाही. पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची पातळ लस, मात्र गोठली की वाया. पण सुक्या लसीत डायल्युएंट, म्हणजे पावडर विरघळवायचं द्रावण, घातलं की ते संरक्षण संपलं. विषाणू भराभर मरू लागतो. शिवाय या लसीत प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतू वाढू न देणारं औषध, नसतं, त्यामुळे सुईबरोबर आत गेलेले जंतू वाढतात. त्यातल्या स्टॅफिलोकोकस जिवाणूचं विष तयार झालं तर बाळ दगावू शकतं. म्हणून फोडल्यापासून चार तास, मिनिटभरही जास्त नाही. डायल्युएंटही थंड आणि त्याच कंपनीचं हवं.

साहेब देवीच्या लसीचा दाखला देत, तिला कुठे बर्फ लागायचा म्हणून. खरंय. ब्रिटिश शास्त्रज्ञ लेस्ली कॉलियर यांनी १९५० च्या दशकात लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये बसवलेल्या पद्धतीची लस ३७ अंशांना महिनाभर टिकायची, आणि १९७५ मध्ये आपल्याकडची देवी संपली त्यात अशा सुक्या लसीचा वाटा मोठा. पण तो विषाणू चिवट होता. गोवरचा फार नाजूक, कोरडा असतानाही त्याला २ ते ८ अंशांची थंडी लागतेच.

हे सगळं एमआरबद्दल; क्षयरोगावरच्या बीसीजीत विषाणूऐवजी जिवंत जिवाणू असतो, पण नियम हेच. सर्पदंशावरचं सुकं प्रतिविष फ्रिजबाहेरही राहतं, तेव्हा प्रत्येकाचं लेबल वाचा.

आणि बाळाला घेऊन जाल तेव्हा व्हायलवर फोडल्याची वेळ लिहिली आहे का, ते विचारा. साहेब उभे असतील तर त्यांच्यासमोर विचारा.